भरलेल्याला वाट

दिवाळी मागे पडते, हवेत जरा कोरडेपणा येतो, आणि एका सकाळी खिडकी उघडली की गोडसर, आंबूस, थोडासा कुजका वास घरात शिरतो. मी ओळखते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले. मळीचा वास आहे तो. बाहेरगावचा पाहुणा घरी असला तर नाकाला रुमाल लावून विचारतो, "इथे जवळपास काही मेलंय का हो?" आम्हा सोलापूरकरांना त्याचं काही वाटत नाही. उलट बरं वाटतं. वर्ष रुळावर आहे, असं वाटतं.

वासामागून ट्रॅक्टर येतात. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे बांधलेलं लाल फडकं, आणि पुढे कानठळ्या बसवणारं गाणं. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येतं, आणि गाणं कोणतं ते कळायच्या आधी त्याची धपधप छातीत येते. गतिरोधकावर चार-दोन ऊस खाली पडतात. मग कडक इस्त्रीतली भली माणसंसुद्धा स्कूटर कडेला लावून इकडेतिकडे बघत एखादा उचलतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघून जातात. हे दृश्य मला दर वर्षी नव्याने आवडतं.

यंदा तो वास आला तेव्हा मी दाराजवळच्या खिळ्याकडे बघितलं. गाडीची चावी खिळ्यावर होती. अप्पा आंघोळीला गेले होते, आणि आंघोळ झाली की ती चावी खिशात टाकून नव्या पेठेतल्या आमच्या चादरींच्या दुकानात निघणार होते. त्यांनी निघू नये, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची नजर कडेकडून विझत चालली आहे, आता गाडी चालवणं बंद करा, असं त्यांनी गणपतीच्या सुमारास स्पष्ट सांगितलं होतं. अप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, डॉक्टरांचे आभार मानले, आणि बाहेर येऊन गाडी चालवत आम्हाला घरी आणलं.

तेव्हापासून घरात त्यावर कुणी बोललेलं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरात मला म्हणते, "तू सांग. तुजं ऐकतेत." मी म्हणते, "तू सांग. तुझा नवरा हाय." ती म्हणते, "माजं त्यांनी कवा ऐकलंय?" आणि फोडणीत मोहरी टाकते, म्हणजे विषय संपतो. लोक म्हणतात मी माहेरी राहते. मी म्हणते, घरी राहते. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, मुलांना आडाखे बांधायला शिकवते, आणि आपल्याच बापाला एक वाक्य सांगायची माझी हिंमत होत नाही.

कारण ते वाक्य नुसतं गाडीचं नाही. अप्पांना मी चालताना फारसं बघितलेलंच नाही. बघितलंय ते स्टेअरिंगच्या मागे, उजवा कोपर खिडकीबाहेर, डावा हात गिअरवर, आणि तोंडाने कुणाला तरी नावं ठेवणं चालू. चादरी, टॉवेल, सतरंज्या भरून ते मंगळवेढ्याला, नातेपुत्याला, पार सीमेपलीकडच्या कानडी गावांपर्यंत बाजार करायचे. एका गावात मराठी, पुढच्या गावात कन्नड, आणि दोन्हीकडे तीच थट्टा. तो माणूस चावीसकट खिळ्याला कसा टांगायचा?

आणि म्हणून यंदाच्या वासाने मला सरळ त्या हिवाळ्यात नेऊन सोडलं.

वीसेक वर्षं झाली असतील. मी शिकत होते, शेवटचं वर्ष होतं, आणि प्रकल्पाला विषय घेतला होता: वाहनचालक रस्त्यावरची बाजू कशी निवडतात. आमच्या सरांनी त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव दिलं होतं. अव्वाने त्याचं मराठी केलं, "म्हंजे गाड्या मोजायच्या." मी तिला समजावायला गेले. "अव्वा, ह्याला गेम थिअरी म्हणतात. मी काय करावं ते तू काय करशील यावर ठरतं. आणि तू काय करशील ते, मी काय करीन असं तुला वाटतं, त्यावर." अव्वा शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हे तर सासूसुनांचं झालं. त्याला कॉलेज कशाला?"

सरांनी सांगितलं होतं, "तक्ते नंतर. आधी रस्त्यावर जाऊन उभी राहा." म्हणून मी फाटकावर जायला लागले. तेव्हा शहराबाहेर पडताना रेल्वेचं फाटक लागायचं. गाडी यायची असली की ते खाली यायचं आणि मालगाडी असली तर बराच वेळ तसंच राहायचं. फाटकाच्या अंगाला शांतामावशींचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि धुराने काळी झालेली एक भिंत. तिथल्या बाकावर बसून मी त्या हंगामभर माणसं बघितली.

फाटक पडलं की सुरुवातीला सगळे शहाणे असायचे. पहिला ट्रॅक्टर डाव्या बाजूला नीट उभा राही, त्याच्यामागे एसटी, तिच्यामागे वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी, जीप. उजवी बाजू समोरून येणाऱ्यांसाठी मोकळी. पाच मिनिटं असं रामराज्य चालायचं. मग एक मोटरसायकल रांगेतून हळूच उजवीकडे सरकायची आणि थेट फाटकाला चाक टेकवून उभी राहायची. मग दुसरी. मग एक रिक्षा मान काढून बघायची. एकदा जीप उजवीकडे गेली की बांध फुटायचा. फाटकाच्या पलीकडे हेच चाललेलं असायचं, काही फरक नाही. गाडी निघून जायची, फाटक वर जायचं, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना रस्ताभर पसरलेल्या दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या. दोन वराती एकाच बोळात समोरासमोर याव्यात तसं. इकडचा म्हणायचा तू मागे घे, तिकडचा म्हणायचा तू मागे घे, आणि मागे घ्यायला मागे जागा कुणालाच नसायची.

मी तक्ता केला. चार चौकटी. मी रांगेत राहिले आणि तूही राहिलास, तर दोघं वेळेत. मी घुसले आणि तू राहिलास, तर मी आधी. तू घुसलास आणि मी राहिले, तर मी मूर्ख. दोघं घुसलो तर दोघंही अडकलो. आता यात कुणीही घुसणारच, कारण मूर्ख व्हायला कुणालाच आवडत नाही. प्रत्येकजण आपल्यापुरता शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून फाटकावर अडकतात. कागदावर ते फार देखणं दिसायचं.

आणि एका बाजाराच्या दिवशी त्या उजव्या बाजूने, सगळ्यांना मागे टाकत, हॉर्न वाजवत एक पांढरी व्हॅन आली. मी ती लांबूनच ओळखली. खिडकीतून कोपर बाहेर.

"काय गौरव्वा!" अप्पा ओरडले. माझं नाव गौरी, पण लाडात आले की ते गौरव्वा म्हणत. "मला धरलीस का न्हाय हिशेबात?"

"अप्पा, ही बाजू समोरच्यांची हाय!" मी बाकावरूनच ओरडले. मला लाजल्यासारखं झालं होतं.

"समोर कोन हाय? फाटक हाय की समोर! रिकामा रस्ता बघून मानूस मागं बसंल का?"

शांतामावशी हसायला लागल्या. "तुमचं वडील का हे? लई दिस बघती मी. सगळ्यात पयली व्हॅन ह्यांचीच घुसती."

माझ्या प्रकल्पातला पहिल्या नंबरचा घुसखोर माझा बाप निघाला. घरी जाऊन मी अव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठावं हाय. फाटक पडलं की तुजा बाप चेकाळतो. म्हनून मी पुढं बसत न्हाई. मागं बसती आन् डोळं मिटती."

गुंता सुटायचा तो मात्र नेहमी एकाच तऱ्हेने. कुणीतरी गाडीतून खाली उतरायचं. बहुतेक एसटीतला एखादा उतारू असे, खांद्यावर टॉवेल, गावाकडची उशीर झालेली माणसं असतात तसा. तो रुळांवर उभा राहून हात हलवायचा. "ए जीप, तू मागं घे. ट्रॅक्टर, तू थांब. मोटरसायकली, हिकडनं निघा." त्याला कुणी नेमलेलं नसे, पण सगळे त्याचं ऐकत. रस्ता मोकळा झाला की तो पळत जाऊन आपली एसटी गाठायचा. कधीकधी ती चुकायचीही.

सरांना मी तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हा जो खाली उतरतो, तो तुझ्या कुठल्या चौकटीत बसतो?"

मी बघितलं. तो कुठेच बसत नव्हता. माझ्या तक्त्यात खेळाडू डावीकडे राहू शकत होता किंवा उजवीकडे जाऊ शकत होता. गाडीतून उतरण्याची सोय मी ठेवली नव्हती.

मी अप्पांना विचारलं, "तुमी का उतरत न्हाई कधी? एवढा वेळ हॉर्नवर हात ठेवून बसता."

"उतरायचं काम उतारूचं," अप्पा म्हणाले. "डायव्हरनं स्टेअरिंग सोडायचं नसतंय. डायव्हर खाली उतरला की गाडीची इज्जत गेली."

ते हे गमतीत म्हणाले असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

आता तिथे उड्डाणपूल आहे. फाटक गेलं, शांतामावशींचं हॉटेल पुलाच्या खांबाखाली गेलं, त्या कुठे गेल्या कुणाला ठाऊक. पुलावर मधोमध दुभाजक आहे, त्यामुळे उजवीकडे घुसायचा प्रश्न येत नाही. सगळे वेळेत पोचतात. फाटकाने माझा जीव किती वेळा मेटाकुटीला आणला असेल, आणि तरी पुलावरून जाताना मला चुकल्यासारखं होतं. फाटकावर लोक एकमेकांना शिव्या द्यायचे, पण तोंडं बघून द्यायचे. एसटीतली बाई खिडकीतून ट्रॅक्टरवाल्याकडे ऊस मागायची आणि तो द्यायचाही. कुठल्या गावाचा, कुणाचा कोण, पाऊस किती झाला, सगळं फाटक पडलेलं असताना कळायचं. पुलावर आम्ही एकमेकांच्या गाड्यांचे मागचे दिवेच फक्त बघतो.

त्याच हंगामात, संक्रांतीच्या आसपास, अप्पा मला एकदा बाजाराला घेऊन गेले. "फाटकावर बसून काय कळतंय? चल माज्यासंगं," म्हणाले. व्हॅनमध्ये नव्या चादरींच्या खळीचा वास कोंडला होता. मंगळवेढ्याच्या बाजूला लागल्यावर दोन्हीकडे ज्वारी. ती जमीन मला फार आवडते. झाडं कमी, आभाळ भरपूर, आणि त्या काळ्या रानात दाणा भरलेली कणसं वाऱ्याबरोबर एकदम एका बाजूला कलतात. अप्पांनी मुख्य रस्ता सोडून आतली वाट घेतली. त्या वाटेवर एक ओढा होता आणि ओढ्यावर जुना दगडी पूल. पूल इतका अरुंद की एका वेळी एकच गाडी जावी. कठड्याच्या जागी गुडघाभर उंचीचे दगड, त्यातलेही काही पडलेले.

आम्ही पुलाच्या मध्यावर असताना समोरून गाणं ऐकू आलं. मग ट्रॅक्टर दिसला, दोन ट्रॉल्या भरून ऊस. मी दोन्ही हातांनी सीट धरली. फाटकावरचे अप्पा मला माहीत होते. आता हॉर्न वाजणार, शिव्या होणार, दुपार इथेच जाणार.

अप्पांनी हॉर्नला हातही लावला नाही. मान वळवून त्यांनी मागे बघितलं, गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली आणि अख्खा पूल उलटा ओलांडून मागे आणली. पुलाच्या तोंडाशी शेतात जायची वाट होती, तिथे कडेला लावून इंजिन बंद केलं. ट्रॅक्टर डुलत डुलत आमच्या पुढून गेला. उसाची पानं आमच्या काचेला घासली. ट्रॅक्टरवाल्याने स्टेअरिंगवरून एक हात उचलला. अप्पांनी खिडकीतून हात उचलला. गाणं लांब गेलं आणि पुन्हा ज्वारीची सळसळ ऐकू यायला लागली.

"अप्पा," मी म्हणाले, "तुमी मागं आलात?"

"मग? त्यो भरलेला हाय. भरलेल्याला वाट द्यायची. रिकाम्यानं मागं सरायचं."

"आपल्या गाडीत एवढ्या चादरी हायत की."

"चादरीला कोन भरलेलं म्हंतंय? हंगामात ऊस सोडून बाकी समदं रिकामंच."

"आणि दोन्हीकडून भरलेले आले तर?"

अप्पांनी कपाळाला हात लावला. "कारखाना एकाच दिशेला हाय ना गं! भरलेलं जातंय, रिकामं येतंय. समोरासमोर येतीलच कसे? हेच शिकवतेत का कॉलेजात?"

फाटकावर घुसणारा आणि पुलावर मागे सरणारा, माणूस तोच होता. परतीच्या वाटेवर मी मनात तक्ता मांडत होते. फाटकावर जो समोर येतो तो पुन्हा कधी भेटत नाही. त्याला फसवून पुढे गेलं तरी चालतं. या वाटेवर मात्र अख्खा हंगाम तेच ट्रॅक्टर, तीच माणसं, तोच पूल. आज ज्याला अडवलं तो उद्या अडवणार. खेळ एकदाच खेळायचा असला की माणूस एक असतो, रोज खेळायचा असला की दुसरा. सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. माझ्या प्रकल्पाचा तो भाग त्यांना सगळ्यात आवडला. मलाही अजून आवडतो.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसातलं मला जे आठवतं ते तक्त्यातलं नाही. माल विकून परत येताना त्याच शेतवाटेवर अप्पांनी व्हॅन थांबवली आणि म्हणाले, "सर हिकडं. बस." मी स्टेअरिंगवर बसले. "पुढं काय, कुनीबी चालवतंय," ते म्हणाले. "मागं घ्यायला शिक." ते खाली उतरले नाहीतच, शेजारी डाव्या बाजूला बसण्याचीही त्यांना सवय नव्हती, म्हणून मागच्या रिकाम्या जागेत, जिथे सकाळी चादरींचे गठ्ठे होते तिथे, उकिडवे बसले आणि मागची काच उघडून बघत, हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारू लागले. "येऊ दे. येऊ दे. बा, बा, बा." घाई झाली की अप्पा कन्नडमध्ये शिरतात. बा म्हणजे ये. "बा, बा... साकु! साकु म्हंतोय ना, बास!" मी ब्रेक दाबेपर्यंत मागचं चाक ज्वारीत गेलं होतं. शेतकरी बांधावरून ओरडला. अप्पांनी त्याला एक टॉवेल देऊन गप्प केलं आणि त्याने आम्हाला हुरड्याला बसवलं. आगटीच्या उबेला हात धरून, गरम गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकर मारून खाताना अप्पा त्याला सांगत होते, "माजी लेक. डायव्हर झाली आजपास्नं."

तो शेतकरी पुढे अप्पांचा दोस्त झाला. तेव्हापासून दर हंगामात त्याचं बोलावणं येतं आणि दर हंगामात आम्ही जातो.

यंदाही आलं. त्याच्या आदल्या आठवड्यात नव्या पेठेत अप्पांच्या गाडीचा डावा आरसा एका पेरूच्या हातगाडीला लागला होता. काही झालं नाही, पेरू रस्त्यावर घरंगळले एवढंच. हातगाडीवाला वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. तो म्हणाला, "असू दे अप्पा, होतंय की." लोकांनी पेरू गोळा करून दिले. अप्पा रात्री जेवले नाहीत. पूर्वी अशा प्रसंगी त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि चार खाल्ल्या असत्या. "असू दे" म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही. मला त्यांची फार दया आली, आणि आपल्याला त्यांची दया येते आहे याचा रागही आला.

हुरड्याच्या दिवशी सकाळी अव्वा म्हणाली, "मी येत न्हाई. तुमी दोगं जावा." आणि माझ्याकडे असं बघितलं की त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

अप्पांनी खिळ्यावरची चावी घेतली. मी डाव्या बाजूला बसले आणि पट्टा लावला. मी त्यांचा डावा डोळा व्हायचं ठरवलं होतं. "डावीकडं सायकल हाय, अप्पा." "बघितली." बघितली नव्हती. "डावीकडं म्हैस." "म्हैस दिसंना व्हय मला?" असं करत आम्ही पुलावरून, जिथे फाटक होतं तिथून गेलो. ते वाक्य सगळा रस्ता माझ्या जिभेवर होतं. आणि मला कळत होतं की ते तेच करताहेत. ते मी बोलायची वाट बघताहेत आणि मी ते बोलायची. तक्ता मांडायला बसले असते तर चार चौकटींत बरोबर बसला असता.

आतल्या वाटेला लागलो. ज्वारी तशीच होती. ओढ्यावरचा पूलही तसाच; मोठे रस्ते झाल्यावर त्याच्याकडे कुणी बघितलेलं नाही. पडलेल्या दगडांत आणखी काही दगडांची भर पडली होती, डाव्या अंगाला तर सलग बरीच जागा उघडी होती. आम्ही मध्यावर आलो आणि समोरून गाणं आलं.

अप्पांनी गाडी थांबवली. ट्रॅक्टर पुलाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरवाला नव्या पिढीतला होता, पण वाटेचा कायदा त्यालाही माहीत होता. त्याने हॉर्न वाजवला नाही. गाणं बारीक केलं आणि थांबला.

अप्पांनी मान वळवून मागे बघितलं. मग डाव्या आरशात. मग पुन्हा मागे. मागचा गिअर टाकला. गाडी जराशी मागे आली आणि थांबली.

"डावीकडं किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी काच खाली करून बघितलं. चाकाच्या पलीकडे हातभर दगड, मग खाली ओढा. "हाय जागा," मी म्हणाले. "या मागं. मी बघती."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पट्टा लावून त्या उघड्या अंगाला बसले होते. काही पडायचं झालं तर आधी मी पडले असते.

"न्हाय," ते म्हणाले.

त्यांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरले. सगळ्या आयुष्यात कधी भर रस्त्यात स्टेअरिंग सोडून न उतरलेला माणूस त्या पुलावर उतरला. ट्रॅक्टरवाल्याला हाताने जरा थांब म्हणाले. गाडीच्या पत्र्यावर हात टेकत टेकत ते मागे गेले आणि मागच्या पत्र्यावर थाप मारली.

"सर तिकडं, गौरव्वा. घे मागं."

मी पट्टा काढला आणि आतल्या आत उजवीकडे सरकले. सीट त्यांच्या बेताची होती, अजून गरम होती. माझे डोळे भरून आले होते आणि त्यातून आरसा नीट दिसेना, म्हणून ते आधी पुसले.

"येऊ दे," मागून आवाज आला. मान पूर्ण डावीकडे वळवून ते चाक बघत होते. "येऊ दे. बा. बा. बा, बा, बा..." थाप, पाऊल, थाप, पाऊल. पूल संपला. शेतवाट आली. "साकु!"

मी वेळेवर ब्रेक दाबला.

ट्रॅक्टर डुलत पुढे आला. पानं काचेला घासली. ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे बघून एक हात उचलला. माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते. ज्वारीच्या कडेला उभ्या असलेल्या अप्पांनी हात उचलला, आणि ट्रॅक्टर पूर्ण जाईपर्यंत तो खाली घेतला नाही.

मग ते आले. सवयीने आधी उजव्या दारापाशी आले, काचेतून मला बघितलं, आणि गाडीला वळसा घालून डाव्या दाराने आत बसले. पट्टा घ्यायला त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला. तिथे पट्टा नव्हता. ते चाचपत राहिले. त्या बाजूला पट्टा डावीकडे असतो, आणि डावीकडचं त्यांना दिसत नव्हतं.

मी वाकले, त्यांच्या डाव्या खांद्यावरून पट्टा ओढून घेतला आणि लावला.

"हं," अप्पा समोर बघत म्हणाले. "चल आता. हुरडा गार होतोय."